अर्धा आकडा

प्रिय बाबा,

परवा आईने व्हिडिओ कॉलवर फोन तुमच्या डोक्यावर धरला आणि म्हणाली, "बघ, म्हाताऱ्याला पालवी फुटलीय!" तुम्ही चिडलात. मी हसले नाही, हे तिच्या लक्षात आलं नसावं. एकसष्टाव्या वर्षी टकलावर आपोआप केस येत नाहीत.

मग बाकीचंही जुळायला लागलं. गेल्या वर्षीपर्यंत शाळेची बस चालवताना तुम्ही प्रत्येक फेरीत "टायर बघून येतो" म्हणून उतरायचात. पोरंसुद्धा विचारायची, "काका, आज कुठला टायर?" रात्रीही सारखे उठायचात आणि सकाळी आईला सांगायचात, कुत्री भुंकत होती. आता आई म्हणते, छान झोपतात, तब्येत सुधारली. सुधारली हे खरंच आहे. कशाने, ते तिला माहीत नाही.

मी मेडिकलवाल्या काकांना फोन केला. आधी ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांनी शपथ घातलीय मला." मी फक्त गोळीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि वर्षभर चालू आहे हेही सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका.

तुम्ही ती का लपवलीत, याचा मला अंदाज आहे. पुरुषपण कमी झालं म्हणून हा त्रास, असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नसतं. टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर थोडं उतरतं, पण प्रोस्टेट ग्रंथीत त्याचं एक जास्त जोरकस रूप तयार होत राहतं. त्याने ग्रंथी वाढते आणि लघवीची वाट दाबते. तुमची गोळी ते रूप तयार होऊ देत नाही. ग्रंथी आक्रसते, वाट मोकळी होते. कधी कधी डोक्यावर केसही येतात. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पण ती गोळी आणखी एक गोष्ट करते. मागच्या महिन्यात तुमच्या रक्ताची पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहणारी, आमच्या लॅबमध्ये झाली. मशीनवर मीच होते. आकडा आला तीन पॉइंट दोन, मर्यादा चार. मी "नॉर्मल" असा मेसेज केला, तुम्ही अंगठा पाठवलात. तुमच्याकडच्या केंद्रावर रक्त घेताना तिथल्या मुलीने विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का? तुम्ही म्हणालात, "छे, मला काय धाड भरलीय!" ही गोळी वर्षभर घेणाऱ्याचा आकडा साधारण निम्मा दिसतो. तो दुप्पट करून वाचायचा असतो.

सहा पॉइंट चार. याचा अर्थ कॅन्सर आहे असा होत नाही. नाही असाही होत नाही. लहानपणी दिसेल ते मोजत सुटायचे म्हणून तुम्ही मला फूटपट्टी म्हणायचात; आता मी रोज अनोळखी माणसांचे आकडे वाचते आणि पुढच्या नळीकडे वळते. काल मात्र पुढची नळी बराच वेळ हातातच राहिली.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गुरुवारी सकाळची मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ मी घेतली आहे आणि बुधवारी मी घरी येते आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण असा विषय निघाला की तुम्ही "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देता, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटतं. गुरुवारी मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर असेन. डॉक्टर लघवीचं विचारतील, गोळीचं विचारतील, आणखीही विचारतील. ते शब्द आपण दोघांनी एकमेकांसमोर पहिल्यांदा तिथे ऐकू नयेत, म्हणून आधी इथे लिहून टाकले.

तुमचीच,
फूटपट्टी