डब्यांच्या मधली जागा

आबा,

वडील काय करतात असं शाळेत विचारलं की मी ‘रेल्वेत आहेत’ एवढंच सांगायचे. पुढचं सांगायला जीभ रेटत नसे. लाज वाटायची म्हणून नव्हे. तुम्ही माल यार्डात शंटिंग जमादार होतात, इंजिनानं ढकललेले डबे एकमेकांना जोडायचं काम तुमचं आणि तुमच्या माणसांचं, हे सांगितलं की कुणीतरी विचारणार, जोडतात म्हणजे कसे? ते मला उच्चारायचंच नसायचं. दोन डब्यांचे बफर, म्हणजे टोकाचे धक्के झेलणारे दट्टे, टेकले की वाकून मधे शिरायचं, लोंबणारी जड साखळी उचलून समोरच्या आकड्यात अडकवायची, स्क्रू पिळून ती ताणायची आणि बाहेर यायचं. डबे पुरते थांबल्यावरच आत जायचं असा नियम होता. पण तेव्हा पिंपरी-चिंचवडात कारखान्यामागं कारखाना उठत होता. माल खोळंबला की वरून ओरडा. नियमाला सवड कुठली?

ती दुपार अजून अंगावर येते. मी तेव्हा शाळेत शिकत होते. आई परातीत पीठ मळते आहे, मी शेजारी शेंगदाणे भाजते आहे. बाजूच्या क्वार्टरमधल्या काकू दारातूनच ओरडतात, “जमादार बफरात घावलं!” आई तशीच उठते. पायांत चप्पल नाही, हाताला पीठ. मी तिच्या मागं. रुळांमधली खडी तापलेली, आणि ती त्यावरून अशी पळते आहे की मला तिला गाठता येत नाही. तुम्ही केबिनच्या पायरीवर बसला होतात. जिवंत. इशारा नसताना इंजिनानं डबे रेटले होते. तुम्ही साखळी टाकून रुळांमधे पालथे पडलात आणि डबा वरून निघून गेला. खांदा सोलवटला होता, तेवढंच. आईनं पिठाच्या हातांनी तुमचं तोंड चाचपलं, आणि तुम्ही तिच्यावरच डाफरलात, “अनवानी रूळ वलांडून आलीस? गाडी आली असती म्हंजी?” आई म्हणाली, “आली असती तर आली असती.” चारचौघांत तिनं तुम्हाला उलट उत्तर दिलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. त्या दिवसापासून तुम्ही ड्यूटीवरून येईस्तोवर ती घास घेत नसे. विचारलं तर म्हणे, भूक न्हाई.

पुढं मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि चिंचवडच्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग ऑफिसात लागले. तुम्हाला मी मास्तरीण व्हायला हवी होते. “लोखंडाचा नाद माज्यापुरता बास,” म्हणालात आणि अबोला धरलात. मग एका संध्याकाळी तुम्ही जेवायला बसला असताना मी म्हटलं, “आबा, आमच्याकडं डबे जोडायचे नवे कपलर ओततात. हात द्या इकडं.” तुमचा उजवा हात घेतला, बोटं अर्धी मिटवली, माझीही तशीच मिटवली आणि दोन्ही एकमेकांत अडकवली. “अमेरिकेत असं असतं. दोन अर्ध्या मुठी. डबा डब्याला भिडला की आपोआप मिटतात. रशियात पंजा जरा निराळा, पण तोही आपला आपण अडकतो. युरोपात अजून आपल्यासारखीच साखळी आणि स्क्रू.” तुम्ही घास खाली ठेवलात. “आन् मानूस कुठं हुबा ऱ्हातो?”

“युरोपात मधे. अमेरिकेत, रशियात बाहेर.”

“तुज्या कंपनीच्यात?”

“बाहेर, आबा. बाजूला दांडा असतो. तो उचलला की सुटतं.”

तुम्ही बराच वेळ माझी बोटं सोडली नाहीत. आई तव्यावरची भाकरी विसरली. मग म्हणालात, “मंग जा कामाला.”

लगेच काही पालट झाला नाही. नवे डबे आणि जुने एकाच गाडीत यायचे, मग नव्याच्या तोंडाला जुनी साखळी लावून पुन्हा आत वाकायचं. तुम्ही म्हणायचात, “ह्यो सासू-सुनेचा संसार जुन्यापरास वंगाळ.” खोटं नव्हतं ते. आई आणखीच धास्तावली.

तुमच्या नोकरीची अखेरची वर्षं होती. गुरुवार म्हणजे आमच्या कारखान्यांची सुट्टी, म्हणून तुमचा जेवणाचा डबा घेऊन मी यार्डात आले. सायडिंगवर, बाजूच्या रुळांवर, सगळ्या नव्या कपलरच्या डब्यांची गाडी लागत होती. तुम्ही हिरवी झेंडी हलवत बाहेर उभे, इंजिन हळूहळू रेटतंय, आणि खण्णकन आवाज होऊन जोडलं गेलं. सवयीनं तुमचा पाय आत वळला. मग तुम्ही थांबलात, स्वतःशीच हसलात, आणि मला बघून म्हणालात, “आता ह्या हातांचं काय करू, सांग.” ब्रेकचा पाइप जोडायला आत जावंच लागे, पण ते गाडी उभी असताना. त्या दिवशी तुम्ही रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या ढिगावर बसून निवांत जेवलात. घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिनं ताट वाढून घेतलं. तुम्ही यायच्या आधी.

निवृत्तीनंतर तुम्ही चऱ्होलीला शेतावर गेलात, काही वर्षं मेथी-कोथिंबीर केलीत. तिथं आता इमारती आहेत. एका दुपारी जेवून घराच्या ओट्यावर लवंडलात ते उठलाच नाहीत. सगळे रडत होते. मी तुमच्या पायांशी बसले, आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं, पण आधी हायसं वाटलं. बापाच्या मयताला असं वाटणारी मी कसली मुलगी, हे मनात इतकी वर्षं डाचत राहिलं.

आई आता माझ्याकडेच असते, संत तुकाराम नगरला. तिला माणसं नीट ओळखू येत नाहीत. परवा मटार सोलता सोलता आपणहून म्हणाली, “तुजं आबा घरातनं गेलं. यार्डातनं न्हाई. त्या दिशी मी रडले, पर आतनं मोकळं झालं बग.” आणि पुढची शेंग उचलली.

मला तिला ‘मलाही’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला आणि मी उठून कुकर लावायला गेले. तिला नाही सांगता आलं, आबा. म्हणून तुम्हाला.