लाकडी डब्यांतलं मेण

आई, सुनेने घरी सुगंधी मेणबत्त्या करायला घेतल्या आहेत. काल तिने एक माझ्या नाकाखाली धरली आणि विचारलं, "येतोय का वास अजून? महिना झाला भरून." मी म्हटलं, येतोय. खरं तर माझं नाक आता कामातून गेलंय, पण तिला तेवढंच ऐकायचं होतं. काचेच्या बरणीला घट्ट झाकण, वर ताणून प्लास्टिक, आणि तरी तिच्या जिवाला स्वस्थता नाही. मला हसू आलं. मग दुपारी कागद घेऊन बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता प्रयत्न करावा लागतो. तुझं काम मात्र सगळं लख्ख आठवतं.

बाबा गेल्यावर राहात्याहून काका आपल्याला न्यायला आले होते. तू त्यांना जेवू घातलंस आणि एकट्यालाच परत पाठवलंस. काकूंच्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा नाही, एवढं तू ठरवलं होतंस. म्हणून नगरातल्या त्या दोन खोल्यांत तू कुंकवाचं मेण करायला लागलीस. तेव्हा बायका आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवत आणि त्यावर कुंकू लावत, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. हे आता सुनेलाही समजावून सांगावं लागतं. डोंगरातून मध काढणारे लोक पोळ्यांचं मेण आणून देत. ते तू पाण्यात उकळायचीस, फडक्यातून गाळायचीस, खोबरेल घालून मऊ करायचीस, आणि बोटाला सोसेल इतकं निवल्यावरच त्यात केवड्याचं अत्तर घालायचीस. गरम मेणात अत्तर घातलं की घर घमघमतं आणि डबीत काही उरत नाही, हे तू मला दर वेळी सांगायचीस, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे. विकायचं काम कासारीण मावशींचं. त्या बांगड्या भरायला घरोघर जात तेव्हा पेटीत तुझ्या डब्याही असत. मेण कुणी केलं ते मात्र त्या सांगत नसत. विधवेच्या हातचं कुंकवाचं मेण कुणी घेतलं नसतं. तू त्यावर नुसती हसायचीस. "मेणाला काय कळतंय मी कोण ते," म्हणायचीस.

मग महायुद्ध आलं आणि कल्हईला लागणारं कथील मिळेनासं झालं. पितळी डबीला आतून कल्हई नसली तर मेण कळकतं, हिरवं पडतं. कल्हईवाला हात हलवत परत जाऊ लागला, तेव्हा तू खराद्याकडून लाकडी डब्या करून घेतल्यास. त्या दिसायला सुरेख होत्या, पण लाकूड वास पिऊन टाकतं. तू हट्टाला पेटलीस. डबीला आतून साध्या मेणाचा थर देऊन पाहिलास. मग मेणात बुडवून घरीच कागद केलास आणि त्यात गोळी गुंडाळलीस. झाकणाच्या सांध्यावर मेण लावलेली कापडाची पट्टी चिकटवलीस. प्रत्येक प्रकारची डबी महिनाभर फडताळात ठेवायची आणि मग उघडायची. उघडल्याबरोबर जो वास येतो त्याला तू किंमत द्यायची नाहीस. तो कोंडलेला वास, म्हणायचीस. कपाळावर दिवस मावळेपर्यंत टिकेल तो खरा.

तुझ्या कपाळाला तर मेण लागायचं नव्हतं. म्हणून माझं कपाळ.

सकाळी तू मला मेण लावतेस, वर कुंकू टेकवतेस, आणि मी शाळेत जाते. संध्याकाळी मी दारात येते तशी तू चुलीपुढून उठतेस, माझी हनुवटी धरतेस, डोळे मिटतेस आणि वाकतेस. तू काही मुलांना जवळ घेणारी बाई नव्हतीस. एरवी तुझा हात मला लागे तो वेणी घालताना किंवा पाठीत धपाटा घालताना. त्यामुळे या वाकण्याची मी दिवसभर वाट पाहायची. वास गेलेला असला की तू लगेच हनुवटी सोडायचीस. "नाही टिकला," म्हणून पुन्हा चुलीकडे. असं चार वेळा झालं. पाचव्या डबीच्या आदल्या दिवशी तू मावशींना सांगताना मी ऐकलं, "ही डबी साधली नाही तर मी राहात्याला कळवते. मग काय, त्यांच्या पोळ्या लाटायच्या."

पाचव्या डबीचं मेणही टिकलं नव्हतं. मला ते मधल्या सुट्टीतच कळलं. मैत्रिणीला हुंगायला लावलं तर ती म्हणाली, कसला वास? पण माझ्या दप्तरात त्या दिवशी ताज्या मेणाची गोळी होती, सकाळी पातेल्याच्या काठाची खरवडून पानात बांधलेली. शाळा सुटल्यावर मी ती कुंकवाच्या कडेकडेने चोळली आणि घरी आले. तू वाकलीस. एकदा हुंगलंस, पुन्हा हुंगलंस. "आहे गं. आहे अजून," म्हणालीस, आणि माझं डोकं तसंच धरून बराच वेळ उभी राहिलीस. तुझा श्वास माझ्या केसांत लागत होता.

त्या भरवशावर तू मामलेदारीणबाईंच्या संक्रांतीच्या वाणाच्या डब्या भरल्यास. सगळ्या तशाच, थर देऊन, कागदात गुंडाळून, पट्टी लावून बंद केलेल्या. हळदीकुंकू झाल्यावर दोन दिवसांनी मावशी आल्या त्या पेटी न उतरवताच ओट्यावर बसल्या.

"न्हाई वो जमलं, वैनी. बायांनी तितंच डब्या उघडून लावलं, आन् जरा येळानं वासच न्हाई. नुसतं लाकूड. मला म्हनल्या, पुन्यांदा पायरी चढू नको."

 तू पदराला हात पुसलेस, स्वच्छच होते तरी. "माझा हातच तसा," म्हणालीस. "कुंकवाच्या कामाला लावायला नको होता."

"हाताचं काय घिऊन बसलाय? इतके दीस येतच हुता की वास! लाकडाची खोड हाय ती."

"लाकडाचं मी पारखून घेतलं होतं," तू म्हणालीस. "हिच्या कपाळावर टिकला होता." आणि माझ्याकडे पाहिलंस. मी उंबऱ्यात उभी होते. मी मान हलवली, हो म्हणून.

चैत्रात आपण राहात्याला गेलो. काका चांगले वागले, मला पुढे शिकवलंही. तू शेवटपर्यंत तिथे पोळ्या लाटल्यास. काकूंकडे हळदीकुंकू असलं की तू आपण होऊन मागच्या पडवीत जाऊन बसायचीस, कुणी सांगायच्या आधी. नगरला तू असं कधी केलं नव्हतंस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि सुनेच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडणार आहे. मी दहा वर्षांची होते, घाबरले होते, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. ते खोटं नाही. पण आई, तू आपल्या हाताला दोष दिलास तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. मला हायसं वाटलं होतं.