नऊ नंबरची शिशी

१० नोव्हेंबर १९६६, वरवट बकाल
पुण्याहून अंगावरच्या साडीनिशी निघाले. नांदुऱ्याला उतरून एस.टी. दादाची नडगी वखराच्या पासेने, त्या लोखंडी पात्याने, फाटून पंधरवडा झाला, आणि मला तार काल! पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय. पू, ताप. नांदुऱ्याचे डॉक्टर रोज पेनिसिलिन टोचतात, जंतू ढिम्म. सोमवारपर्यंत उतार पडला नाही तर अकोल्याला नेऊन पाय कापायचा म्हणाले. वहिनी ऐकून घेत होती, हुज्जत मीच घातली.

११ नोव्हें.
इथे तरी कबूल करते. निघताना प्रयोगशाळेच्या फ्रिजमधली नऊ नंबरची शिशी पिशवीत टाकली. सरांना न विचारता. दीड वर्ष आम्ही अमिनो आम्लं मण्यांसारखी ओवतोय, जंतू मारणाऱ्या साखळ्या बनवायला. नवव्या साखळीने पेनिसिलिनला न भिणारे, असेच पू करणारे जंतू काचेच्या बशीत सफाचट केले. पण सशाच्या रक्तात टाकली तर रक्तपेशी फुटल्या. म्हणजे माणसाला द्यायची नाही. मग आणली कशाला? माहीत नाही. हात गेला.
घरात आलेली नवी वस्तू म्हणून आईने शिशीला कुंकू लावलं, देवापुढे ठेवली. मला हसू आलं, राहू दिली. जेवताना सगळं सांगितलं, जंतू मरतात पण रक्त फुटतं. वहिनी भाकरी थापत होती.

१२ नोव्हें.
देवापुढे शिशी नाही!
"लावलं म्या," वहिनी म्हणाली. "सकाळी जखम धुतली तवा. समदं."
मी ओरडले, सांगितलं होतं ना, रक्त फुटतं म्हणून!
"आयकलं होतं न बाई. पाय कापल्यावर रक्त नाई सांडत काय?"
जखम पुन्हा धुतली, पण तीन तास उलटून गेले होते. आईचं एकच, "देवापुढची वस्तू हाय, अपाय नाई करत." कुंकू लावू दिलं तेव्हाच मी माती खाल्ली.

१३ नोव्हें.
ताप नाही. पू आटला. तीनदा पट्टी सोडून पाहिलं, विश्वास बसेना. दादा म्हणतो, "कुसे, भूक लागून राह्यली मले."
डॉक्टर चक्रावले. अकोला तूर्त रद्द. "काय लावलं होतं?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं.
"हळद," मी म्हणाले. मी! एम.एस्सी. रसायनशास्त्र! वर सरांना आनंदाची तार करावीशी वाटली. लाज नाही मला.

१४ नोव्हें.
सकाळी दादाची लघवी काळ्या चहासारखी. डोळे पिवळट. फुटलेलं रक्तच ते, दुसरं काही नाही. जखम मात्र कालच्याहून छान. त्याला काही सांगितलेलं नाही, झुणका मागतोय.
हळदीवर भरवसा ठेवून डॉक्टर भलतंच शोधत बसतील. खरं सांगायला हवं. सांगितलं की नोकरी गेली.
"म्या सांगतो," वहिनी म्हणाली. "लावलं म्या. तुमची नवकरी कायले घालवता?"
लावलं तिने, कबूल. पण शिशीत काय होतं ते ती कुठून सांगणार? ते मलाच सांगावं लागेल. रडू आवरत नाही, आणि तीच मला पाणी आणून देते.
नांदुऱ्याची गाडी साडेआठला. दोघीही जातोय. डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील, याला उतारा काय. तो आम्ही अजून बनवलेला नाही.