म्हणे काढून सांगा

अण्णा, आज सर्वपित्री अमावस्या. सकाळी सुनेनं विचारलं, "आई, दोघांची पानं वाढू ना? आजोबांचं नि आजींचं?" तुम्हाला मुलगा नाही, म्हणून पितरांचं सगळं माझ्याकडंच आलं. तुमचं पान दर वर्षी असतं. आईचं आजवर एकदाही वाढलेलं नाही, आणि ही नवीन सून, तिला काय माहीत. खीर होऊ दे, मग सांगते, असं म्हणून मी इकडं येऊन हे लिहायला बसले.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, आणि तुम्ही शिकवायचात ती शाळा उर्दूची मराठी झाली. भूमितीच्या तासाला काल मुसल्लस होता तो आज त्रिकोण झाला, पण सिद्धता जिथल्या तिथं राहिली, याचं तुम्हाला लई कौतुक. आपल्या घरात कायदा एकच होता. स्वतः पाहिलं किंवा सिद्ध केलं ते सरळ बोलायचं, बाकी सगळ्याच्या मागं 'म्हणे' लावायचं. मी लहान आहे, तुमचं बोट धरून पाणचक्कीवर उभी आहे. "पाणी कुठून येतं?" तुम्ही विचारता. मी म्हणते, डोंगरातून. "पाहिलंस?" "नाय." "मग?" "डोंगरातून येतं म्हणे." "आणि हे पडतंय समोर, ते?" "पडतंय." "व्हय. त्याला म्हणे नाय लागत." मग तुम्ही खुशीत येऊन मला पेरू घेऊन देता, तिखटमीठ लावून.

असल्या घरात मला आई नव्हती, आणि तिच्याबद्दल तुमचं एकच वाक्य होतं: ती गेली म्हणे.

बाकीचं मी आत्याकडून गोळा केलं. माझ्या आजीचं दुखणं काढायला आई माहेरी पिशोरला गेली, मला ताप होता म्हणून आत्याजवळ ठेवून. तिकडं पटकीची साथ आली. नदीला पूर, वाट बंद. तुम्ही पोचलात तेव्हा मामानं सगळं उरकलेलं होतं. पटकीचं माणूस कोण ठेवून घेतं? तुम्हाला राख दाखवली. मामाला तुम्ही म्हणालात, राख कुणाचीही असते. त्यानं पुढं कधी आपल्या घरात पाऊल टाकलं नाही.

तुमचं ते 'म्हणे' तुम्हाला सोपं होतं, अण्णा. मला नव्हतं. त्या एका शब्दानं दार किलकिलं राहिलं, आणि मी जन्मभर तिथं उभी राहिले. छावणीच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बायांची तोंडं बघायचे. एकदा एकीला सरळ विचारलं, तुम्ही पिशोरच्या का? ती घाबरून पिशवी सावरत निघून गेली. मग संशय उलटा फिरला. आई मेली नाही, तुम्हाला सोडून गेली, असं वाटायला लागलं. आईचा विषय निघाला की आत्या पदरानं डोळे पुसायची, तरी मला वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला गल्लीत ज्याची बायको त्याच्याआधी गेली त्याच्या घरी सवाष्ण जेवायची. आपली चूल मात्र रोजचीच. का, ते तुम्ही कुणाला सांगितलं नाही. सगळ्या गल्लीला तुम्ही ताकास तूर लागू दिली नाही.

मॅट्रिकच्या वर्षी मी विचारलंच. तुम्ही तव्यावर भाकरी टाकली होती. म्हटलं, "आई गेली का नाय, एकदा नीट सांगा. म्हणे काढून सांगा." तुम्ही भाकरीकडं बघत राहिलात, ती करपली तरी. मग म्हणालात, "मी पाहिलं नाय. न पाहिलेलं ठासून सांगायचं, हे मास्तरच्या पोरीनं मागू नये." करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीत आणि मला दुसरी दिलीत. त्या दिवशी मला तुमचा राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

तुम्ही गेल्यावर एकदा मी आत्याला भेटायला शेंद्र्याला गेले. तिची नजर गेलेली, पण जीभ शाबूत. तुमच्या म्हणेवरून मी काहीतरी टोमणा मारला, तर हसली. "अगं, आधी तो असा कुठं होता? लई ठासून बोलायचा. न पाहिलेल्या गोष्टीवर पैजा मारायचा, भांडायचा. हे म्हणे त्याला पिशोरहून आल्यावर लागलं."

मी बसमध्ये तेच घोळवत आले. म्हणजे भूमिती, सिद्धता, पाणचक्की, सगळं नंतरचं. घरातल्या प्रत्येक वाक्याला तुम्ही म्हणे लावायला लावलंत, का तर तुमचं ते एक वाक्य त्यात खपून जावं. नुसतं तेवढ्यालाच म्हणे लावलं असतं, तर लोक म्हणाले असते, मास्तरला अजून बायको येईल असं वाटतंय. हा माझा संशय आहे, सिद्धता नाही. आत्या म्हणाली ते तरी मी कुठं पाहिलंय? पण अण्णा, असं असेल तर मला तुमच्यावर आणखी राग येतो, आणि रडूही येतं.

तुमचं जाणं मात्र मी पाहिलंय. तोंडात पाणी मी घातलं, ते ओघळलं. नाकापाशी बोट धरलं. तुम्ही शिकवलं तसं खात्री करून घेतली आणि मगच आत्याला हाक मारली. तिथं संशयाला जागाच नव्हती.

मघाशी सून परत आली. "खीर झाली. मग दोघांची ना?"

"आजीचं वाढ," मी म्हणाले. "ती गेली." पहिल्यांदाच म्हणाले. आवाज नीट निघाला.

"आणि आजोबांचं?"

तुमचं तर दर वर्षी असतं. व्हय म्हणायचं, एवढंच होतं. हे पत्र मी कुठंच टाकणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते, माझ्या तोंडून काय गेलं ते.

"वाढ," मी म्हणाले. "तेही गेले म्हणे."