मागून येणाऱ्यासाठी दार धरू नये

९ सप्टेंबर, सोमवार

फाटक बसलं एकदाचं! लोखंडी, हिरवं, कार्ड दाखवलं की टुक् करून उघडणारं. आजवर शाळेला नुसते दोन खांब होते आणि त्यांच्यामधून अख्खी गल्ली ये-जा करायची. बेकरीकडून बसथांब्याला जायला आमचं मैदान म्हणजे हमरस्ता. पण वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी तंबी दिली — शाळा सुरक्षित करा, नाहीतर बंद करू, मुलं महामार्गापलीकडच्या शाळेत पाठवू. सहा-सहा वर्षांची पोरं तो रस्ता ओलांडणार! आधी साहेबांनी ओलांडून दाखवावा.

आणि चौथीच्या बदली बाई आल्या! जूनपासून ऑफिसाकडे घसा कोरडा करत होते. आज दोन्ही हातांत खडूंचे खोके घेऊन फाटकातून शिरत होते तर मागे ह्या उभ्या. मी कंबरेनं दार धरलं. "मला ऑफिसनं पाठवलंय, मी—" "कळलं हो, आधी वर्गावर चला, तिथे रणकंदन चाललंय." गेल्या बिचाऱ्या.

१० सप्टेंबर, मंगळवार

साहेबांचा फोन. या आठवड्यात ऑफिसचं कुणीतरी, आम्हाला अनोळखी, गुपचूप शाळेत शिरून बघणार. शिरता आलं की आम्ही नापास. म्हणजे शाळेला टाळं.

झाली पंचाईत. कारण इथल्या लोकांचं वळण! मागून कुणी येत असलं की दार धरून उभं राहायचं, "या, या" म्हणायचं. सकाळी शिंप्याच्या पोरीच्या एका कार्डावर निम्मी शाळा आत आली. शेवटी फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं — मागून येणाऱ्यासाठी दार धरू नये.

पहिला बळी खेळाचे सर. कार्ड घरी विसरले, कुणी उघडेना, भिंतीवरून उडी मारून आले. मधल्या सुट्टीत तिसरीचा वर्ग तीच उडी घोटवत होता.

११ सप्टेंबर, बुधवार

सासूबाई रोज मैदानातून बेकरीत जातात. आज शिपायानं अडवलं. म्हणाला, "आजी, भेटीचं कारण सांगा." म्हणाल्या, "सुनेच्या चुका काढायला." गाढवानं वहीत लिहून घेतलं!

संध्याकाळपासून अबोला. पहिला तास सुखात गेला. मग करमेना.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज तिघा संशयितांना पकडलं — नळवाला, पुस्तकविक्रेता आणि माझा सख्खा भाऊ. भाऊ आता माझा फोन उचलत नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चौथीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. खिडकीतून डोकावले. ज्या पोराला आम्ही सगळ्यांनी ओवाळून टाकलं होतं, ते फळ्यावर भागाकार करत होतं, आणि बाकीची पोरं श्वास रोखून बघत होती. मला भरून आलं. अशी शाळा बंद पडली तर मी काय तोंड दाखवू?

म्हणून भिंतीवर उंच पत्रे ठोकायचं ठरवलं. गल्ली दिसायलाच नको! तर नव्या बाई म्हणतात, "मॅडम, पत्रे लावलेत तर समोरच्या शिंपीकाकांना मैदान दिसणार नाही."

"मग? त्यांनी कपडे शिवावेत."

"दिवसभर खिडकीत बसून असतात ते. कोणतं पोर कुणाचं, सगळं पाठ आहे त्यांना. फुकटचा पहारा आहे, कशाला घालवता? शाळा भरलेली असताना फाटक बंद ठेवा, सुटल्यावर गल्लीला उघडून द्या. माणसं रुसली तर शाळेवर लक्ष कोण ठेवणार?"

आल्या नाहीत तोवर अक्कल शिकवायला लागल्या! फार राग आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. मग पत्रेवाल्याला नको म्हणून कळवलं. बाईंचं खरं होतं.

शाळा सुटल्यावर फाटक सताड उघडलं. पहिल्या आत आल्या सासूबाई. जमीनदारिणीसारखी मैदानाला चक्कर मारली आणि म्हणाल्या, "रंग काय मेला हा, शेवाळ्यासारखा." अबोला सुटला. हुश्श.

१४ सप्टेंबर, शनिवार

आठवडा संपला. कुणीही शिरलं नाही! शिक्षकांच्या खोलीत बिस्किटं वाटली. नव्या बाईंना माझ्या हातानं पक्कं कार्ड दिलं. त्यांचे डोळे भरले. "मॅडम, मला एक सांगायचं होतं—" "सोमवारी सांगा. आज बिस्कीट खा." सासूबाई म्हणतात मी कुणाला बोलणं पुरं करू देत नाही. असेल.

१६ सप्टेंबर, सोमवार

साहेबांचा फोन. एक तर चौथीसाठी बदली बाई या वर्षी देता येणार नाहीत, कुणालाच पाठवलेलं नाही. दुसरं, चाचणीसाठी निघालेली त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी — शिकवण्याची पदवी आहे, पण तिथे फाइली लावत बसायची — गेल्या सोमवारपासून रोज कळवते आहे की शाळेत शिरता येत नाही, प्रयत्न चालू आहेत. "इतकं कडक ठेवलंय का हो तुम्ही?"

मी खिडकीतून चौथीकडे बघितलं. बाई भागाकार तपासत होत्या. माझ्याकडे बघून खडू हातातच राहिला त्यांचा.

"फारच कडक," मी म्हटलं. "पण प्रयत्न चालू राहू द्या, साहेब. निदान वार्षिक परीक्षेपर्यंत."