चंदनसारची बाटली

प्रिय ताई,

काल तुझं तेरावं झालं. आज आपल्या लॅबमध्ये कामावर गेलो आणि डोकंच फिरलं. आईला हे सांगून काय कळणार? म्हणून तुलाच लिहितोय.

तुझी बाटली गेली गं! नारिंगी पाण्याची, वर 'चंदनसार' असं गावाचं नाव लिहिलेली. सरांनी ती साध्या फ्रीजमधून काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवलीय, वर शेवंतीचं फूल! "ताईंचं काम कायमचं जपलंय," म्हणाले. डोंबलाचं जपलंय! कॉक्सिडियाची, त्या हगवणीच्या जंतूची, अंडी गोठली की मरतात, एवढंही माहीत नाही? पेपरवर तुझ्या आधी नाव लावायला बरे पुढे असायचे.

सुतकात आईने मला वाडीबाहेर पडू दिलं नाही. तरी मी फोन केला होता, "सर, नव्या पिल्लांना बाटलीतला डोस द्यायची वेळ झालीय, नाहीतर जंतू मरेल." तर म्हणे, "तुम्ही दुःखात आहात, आम्ही बघतो." बघितलं!

आठवतं चंदनसारच्या काकूंचं खुराडं? रक्ती हगवणीने कोंबड्या माना टाकत होत्या, कुठल्याच औषधाला दाद नव्हती. तू खाली बसून विष्ठा डब्यात भरायला लागलीस तशा काकू ओरडल्या, "अगं बाय, कोंबडीला बघ, घान काय उचलतेस!"

त्या घाणीतला जंतू तू पिल्लांमागून पिल्लांत वाढवत इतकी वर्षं जिवंत ठेवलास. त्याच्यावर लस करायची होती ना? पिल्लांपायी माझ्या साखरपुड्यातून जेवण टाकून उठलीस. स्वतःचा ताप मात्र अंगावर काढलास! राग येतो तुझा. आणि फ्रीजच्या दारावर 'गोठवू नये' एवढं लिहायला काय झालं होतं?

संध्याकाळी काकूंना फोन लावला. कोंबड्या कशा आहेत, विचारलं.

"कशा असनार? परत तीच हगवन. कालच दोन मेल्या. ताईला पाठव ना जरा."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीही "उद्या मीच येतो" म्हणून फोन ठेवला. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. त्या बाईच्या कोंबड्या मेल्या म्हणून आनंद! कसलं हे काम लावून गेलीस मला?

उद्या सकाळी डबा घेऊन चंदनसारला जातोय. आधी काकूंना तुझं सांगेन, मग खुराड्यापाशी बसेन. तोच जंतू आहे की दुसरा, ते तपासल्यावर कळेल. तोच निघाला तर त्याला मरू देणार नाही, ताई. आणि काकूंच्या कोंबड्यांना लस मिळेपर्यंत तुझ्या फोटोला हार घालणार नाही.

तुझा,
नंदू