आठ वर्षं, सहा तास

६ ऑगस्ट २०१८, सोमवार. सकाळी ७.००
निश्चय. लंडनला सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या माणसाने यापुढे जगाच्या वेळेनेच चालायचं. आमच्या इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजतात. जग सात म्हणतं, तेव्हा आमचे लोक एक म्हणतात. वर्षही आठाने मागे. खुशाल म्हणोत. मी सात म्हणणार.

७ ऑगस्ट. रात्री ८.००
आईने सहाला जेवायला बोलावलं. बरोबर सहाला गेलो. बाकीचे दुपारीच जेवले होते. वाळलेली इंजेरा भाकरी मिळाली. विज्ञानासाठी त्याग करावा लागतो.

९ ऑगस्ट. सकाळी ९.१५
संशोधनाचा विषय: सायकोसिस. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेलं खरं वाटणं. एकेचाळीस पेशंट. एप्रिलपासून दरमहा नवं इंजेक्शन. आता मोजमाप. मी कोऑर्डिनेटर. लोक डॉक्टर म्हणतात. त्यांचं मन मोडवत नाही.
१० सप्टेंबरला प्रोफेसर ऑड्रे आदिस अबाबाहून येणार. रिपोर्ट ऐकून, इंजेक्शन चालू ठेवायचं की नाही हे ठरवणार. लंडनच्या पीएचडीची एक जागाही त्यांच्या हातात आहे. ती माझीच.

१४ ऑगस्ट. दुपारी ४.००
तुलनेसाठी चाळीस निरोगी माणसांनाही तेच प्रश्न विचारायचे म्हणे. निरोगी माणसांना काय विचारायचं? ते निरोगी आहेत. चाळीसही फॉर्म स्वतः भरले. पाऊण तास लागला. सगळी उत्तरं बरोबर आली.

२० ऑगस्ट. सकाळी १०.४०
 लंडनच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: आज तारीख काय, वर्ष कोणतं, किती वाजले? एकेचाळीसपैकी एकोणचाळीस पेशंट चुकले. आणि कसेही नाही. प्रत्येक जण बरोब्बर आठ वर्षं आणि सहा तास मागे! उरलेल्या दोघांपैकी एक झोपला होता, दुसरा उठून गेला. निरोगी गटात एकही चूक नाही.
सायकोसिसचं कारण सापडलं. मेंदूतलं घड्याळ मागे पडतं. नाव: देरेसे सिंड्रोम. (माझं नाव देरेसे. पुढच्या संशोधकांसाठी नोंद.)

२१ ऑगस्ट
सिस्टर त्सिगेला सांगितलं. बारा वर्षं या केंद्रात इंजेक्शनं देतेय बिचारी.  तिने विचारलं, निरोगी माणसांना खरंच भेटलात का? मत्सर, दुसरं काय.

२७ ऑगस्ट. सकाळी १०.००
वुबशेत या पेशंटकडे जाऊन आलो. विणकर. सात वर्षं माग त्याच्याशी बोलायचा, शिव्या द्यायचा. आईने त्याचा पाय मागाच्या खांबाला बांधून ठेवला होता. चार इंजेक्शनांनंतर आता त्याच मागावर शाली विणतो, गिऱ्हाइकांशी घासाघीस करतो. सिस्टरला भारी कौतुक.
मी स्वतः तारीख विचारली. म्हणाला, नेहासे महिन्याची एकवीस, साल २०१०, चार वाजलेत. आठ वर्षं, सहा तास. तसूभर सुधारणा नाही.
शिफारस: इंजेक्शन निरुपयोगी, पुढच्या महिन्यापासून बंद. उपचार म्हणून पेशंटच्या घरोघरी लंडनच्या वेळेची घड्याळं लावावीत.
त्याच्या आईने तीन वेळा कॉफी पाजली. इंजेक्शन चालू राहील ना, असं तिन्ही वेळा विचारलं. म्हटलं, विज्ञान ठरवेल. तिने खांबाकडे पाहिलं. मला जरा कसंसंच झालं. कॉफी कडक होती.

६ सप्टेंबर
आजार बळावला. आजपासून पेशंट तेरावा महिना सांगू लागलेत. फॉर्म भरायचा टॅबलेट महिन्याला बाराच्या पुढे आकडा घेत नाही. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी पागुमे नावाचा पाच दिवसांचा महिना असतो हे खरं. माझा वाढदिवसही त्यातच येतो. पण तो भाग वेगळा.

८ सप्टेंबर
प्रोफेसरांचा निरोप: सोमवारी तीनला भेटू. सूटला इस्त्री केली. सिस्टर म्हणाली, बाई वीस वर्षं इथे राहिल्यात, तीन म्हणजे कुठले तीन ते विचारून घ्या. हसू आलं. लंडनच्या माणसाला दोन-दोन तीन असतात का?

१० सप्टेंबर. दुपारी ३.००
वेळेवर पोचलो. हॉल रिकामा. कप धुऊन पालथे घातलेले. वॉचमन म्हणाला, मीटिंग तीनलाच होती, सहाला संपलीसुद्धा. म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी बारा.
बाकीचं त्याच्याकडूनच कळलं. प्रोफेसर अर्धा तास थांबल्या. मग माझा रिपोर्ट सिस्टरने वाचला. त्यानंतर स्वतःचे कागद काढले. शनिवारच्या बाजारात तिने चाळीस निरोगी माणसं गाठून तेच प्रश्न विचारले होते. चाळीसच्या चाळीस आठ वर्षं, सहा तास मागे. वॉचमनही त्यांतलाच. प्रोफेसर डोळे पुसेपर्यंत हसल्या, हे त्याने दोनदा सांगितलं.
तो प्रश्न रद्द. आवाज बंद झालेले पेशंट: एकोणतीस. इंजेक्शन चालू. लंडनची जागा सिस्टर त्सिगेला.

पागुमे ५, २०१०. संध्याकाळी १२.००
उद्या नवं वर्ष. वुबशेत शाल घेऊन आला. आईने पाठवली म्हणाला, इंजेक्शन चालू ठेवल्याबद्दल. तिला कोणी खरं सांगितलेलं दिसत नाही. लाज वाटली. शाल घेतली. तो समोर धडधाकट उभा होता, याचा आनंदही झाला. लिहून ठेवतो.
मग तो खुर्ची ओढून बसला आणि थेट माझ्याच सुरात विचारू लागला. आज तारीख काय? वर्ष कोणतं? किती वाजले?
सवयीने बोलून गेलो: दहा सप्टेंबर, दोन हजार अठरा, सहा.
त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "घाबरू नका, डॉक्टर. मलापण बरं व्हायला चार महिने लागले."